डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावर दोन नळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एकीवर पेट्रोल असे लिहिलेले असते, दुसरीवर डिझेल. पेट्रोल या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास दगडाचे तेल असा त्याचा अर्थ निघतो. डिझेल शब्दाचा अर्थ मात्र कोणत्याही शब्दकोशाच्या व्युत्पत्तीत सापडणार नाही, कारण ते एका माणसाचे आडनाव आहे. वॅट, व्होल्टा, अँपिअर यांची नावेही अशीच व्यवहारात रुळली आहेत. पण ही शास्त्रज्ञांची नावे आहेत हे आपण शाळेत तरी ऐकलेले असते. डिझेलच्या वाट्याला तेवढेही भाग्य आले नाही. लोकांना तो तेलाचा एक प्रकार वाटतो.

वास्तविक त्याने तेल शोधलेच नाही. त्याने इंजिन शोधले, आणि तेही एका साध्या प्रश्नाच्या पाठीमागे लागून. आपण जे इंधन जाळतो, त्यातला नेमका किती भाग आपल्या कामी येतो आणि किती वाया जातो, हा तो प्रश्न. आज नवी मोटार घेणारा मनुष्य सर्वांत आधी ती लिटरला किती किलोमीटर धावते हे विचारतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे विचारणारे फार थोडे होते. रुडॉल्फ डिझेल त्या थोड्यांपैकी एक होता, आणि या एका प्रश्नापायी त्याने आपले सारे आयुष्य वेचले.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर हे मूळचे ऑग्सबुर्ग गावचे पुस्तकबांधणी करणारे कारागीर. पॅरिसला येऊन ते चामड्याच्या वस्तू बनवीत. परिस्थिती ओढगस्तीची. तयार झालेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांकडे पोहोचवण्याचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की हा मुलगा पॅरिसच्या यंत्रकलेच्या संग्रहालयात जाऊन बसे आणि तेथील यंत्रांची चित्रे काढी. त्या संग्रहालयात क्युन्यो नावाच्या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने १७७० च्या सुमारास बनवलेली वाफेची गाडी ठेवलेली होती. पुढे भलामोठा तांब्याचा बॉयलर, मागे जाड लाकडी सांगाडा, आणि वेग माणसाच्या चालण्याइतका. स्वतःच्या बळावर चालणारे वाहन म्हणतात ते रुडॉल्फने पहिल्यांदा पाहिले ते हे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला त्याच वर्षी शाळेत प्रावीण्याबद्दल कांस्यपदक मिळाले होते. पण जर्मन म्हटल्यावर पदकाला कोण विचारतो! पॅरिसमधल्या इतर जर्मनांप्रमाणे डिझेल कुटुंबालाही शहर सोडावे लागले. ते लंडनला गेले, आणि तेथे पाच तोंडे पोसणे जड जाऊ लागल्यावर मुलाला एकट्यालाच ऑग्सबुर्गला नातलगांकडे धाडण्यात आले. हे नातलग, बार्निकेल, गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या घरी राहून रुडॉल्फ शिकला आणि चौदाव्या वर्षीच त्याने आपल्याला अभियंता व्हायचे आहे असे आईवडिलांना कळवून टाकले. गरिबीत वाढलेल्या मुलाला घरापासून दूर राहावे लागले की तो एक तर हरवतो, नाही तर अभ्यासात बुडून जातो. हा बुडून गेला. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिचच्या तंत्रशाळेत दाखल झाला आणि १८८० च्या जानेवारीत तेथून असामान्य गुण मिळवून बाहेर पडला. मधल्या काळात विषमज्वराने परीक्षा हुकली होती. ती वेळ त्याने स्वित्झर्लंडमधल्या सुल्झर कारखान्यात हाताने काम शिकण्यात घालवली.

म्युनिचला त्याचे प्राध्यापक होते कार्ल फोन लिंडे. कृत्रिम शीतकरणाच्या शास्त्रातले हे मोठे नाव. उष्मागतिकीवरच्या एका व्याख्यानात लिंडे यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, वाफेचे उत्तमातले उत्तम इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेपैकी फक्त सहा ते दहा टक्के भागाचे कामात रूपांतर करते. वर्ग व्याख्यान ऐकून उठला असेल, वह्या मिटल्या असतील. डिझेलने मात्र वहीच्या समासात या गोष्टीची टिपणी करून ठेवली. शंभर पोती कोळसा जाळावा आणि त्यांतली नव्वद धुराड्यातून आणि तापलेल्या लोखंडातून हवेत उडून जावीत, हे त्याच्या मनाला पटेना. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळवता येईल याचे गणित मांडून ठेवले होते. ते गणित आणि प्रत्यक्षातली इंजिने यांच्यात केवढी दरी होती! ती बुजवायची हे त्या विद्यार्थ्याने ठरवले. समासातल्या टिपणीने पुढल्या पस्तीस वर्षांचा ताबा घ्यावा अशी उदाहरणे आपल्या महाविद्यालयांतून किती निघतील, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

पदवीनंतर लिंडे यांनीच त्याला पॅरिसला आपल्या बर्फ बनवण्याच्या यंत्रांच्या कामावर नेमले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे हिच्याशी त्याचे लग्न झाले. दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. दिवसा बर्फ आणि रात्री आग, असा त्याचा दिनक्रम सुरू झाला. वाफेऐवजी अमोनियाच्या बाष्पावर इंजिन चालवण्याचा त्याने कित्येक वर्षे प्रयत्न केला. तो फसला, प्रकृतीवर परिणाम झाला, पैसाही गेला. १८९० मध्ये तो बर्लिनला आला, आणि तेथे त्याला वेगळी वाट दिसली.

सायकलमध्ये जोराने हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. हवा दाबली की तापते. डिझेलच्या कल्पनेचे मूळ एवढेच. त्या वेळी ओटोच्या पद्धतीची जी इंजिने चालत, त्यांत हवा व इंधन यांचे मिश्रण आधी तयार करून सिलिंडरमध्ये घेत, दट्ट्याने थोडेसे दाबत आणि ठिणगी किंवा ज्योत लावून पेटवत. मिश्रण फार दाबले तर ते वेळेआधीच भडकते, म्हणून दाब बेताचाच ठेवावा लागे; आणि दाब कमी म्हणजे इंधनातून मिळणारे कामही कमी. डिझेलने हा क्रम उलटा केला. सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की तापून लाल निखाऱ्यासारखी व्हावी, आणि मग त्या हवेत इंधन सोडायचे. ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, ज्योत नको, आणि आधी भडकायला सिलिंडरमध्ये इंधनच नाही, त्यामुळे दाब हवा तेवढा वाढवता येतो. २८ फेब्रुवारी १८९२ या तारखेपासूनचे जर्मन पेटंट त्याला मिळाले आणि १८९३ मध्ये त्याने आपली उपपत्ती मांडणारे पुस्तकही प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण गौरवपर चरित्रांतून ती सहसा गाळली जाते. पुस्तकातले इंजिन जसेच्या तसे बांधले असते, तर ते चाललेच नसते. जळताना तापमान स्थिर राहावे, दाब अडीचशे वातावरणांपर्यंत जावा, अशा कल्पना त्याने मांडल्या होत्या. असे इंजिन कागदावर सत्तर टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता दाखवते. प्रत्यक्षात मात्र मिळणारे सारे बळ हवा दाबण्यात आणि घर्षणातच खर्ची पडले असते. डिझेलच्या हे लवकरच लक्षात आले. त्याने दाब उतरवला, ज्वलनाची पद्धत बदलली, आणि या बदलाचा फारसा गाजावाजा केला नाही. पेटंटात एक आणि कारखान्यात दुसरे, हा आरोप त्याच्यावर पुढे जन्मभर होत राहिला. माझ्या मते संशोधक म्हणून त्याचा मोठेपणा याच ठिकाणी आहे. आपली लाडकी उपपत्ती लोखंडापुढे टिकत नाही असे दिसल्यावर तो लोखंडाचे ऐकू लागला. पण जाहीरपणे तसे कबूल करण्याचे धैर्य त्याला झाले नाही, हेही तितकेच खरे.

ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे संचालक हाइनरिख बुट्स आणि एसेनचा क्रुप उद्योग यांनी त्याच्या प्रयोगांना पैसा पुरवला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवून त्यात इंधन सोडले गेले. धडाका झाला आणि दाब मोजण्याचे उपकरणच फुटून उडाले. इंजिन स्वतः चालले नाही. परंतु नुसत्या दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ या दिवशी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले. किती वेळ? एक मिनिट. तेवढ्यासाठी सहा महिने गेले होते, आणि त्यानंतरही नोझल, झडपा, हवेचा पंप यांच्याशी झगडण्यात आणखी तीन वर्षे गेली.

अखेर १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिचचे प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. एकच सिलिंडर, उंची तीन मीटर, वजन सुमारे साडेचार टन, शक्ती वीस अश्वशक्तीच्या आतबाहेर. आकडा आला २६·२ टक्के. वाफेच्या इंजिनांचे सहा ते दहा टक्के लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ कळेल. जगात त्या दिवशी इंधनाचा इतका काटकसरीने उपयोग करणारे दुसरे यंत्र नव्हते. ते इंजिन आज म्युनिचच्या जर्मन संग्रहालयात ठेवलेले आहे. पुढे व्यापारी उपयोगासाठी जी पहिली इंजिने गेली, ती केम्प्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात. ज्याला पेटण्यासाठी काडी लागत नाही असे यंत्र काड्या बनवू लागले!

याच वर्षांत मोटारगाडी जन्माला येत होती, आणि तिच्या जन्मदात्यांना इंधनाची फिकीर कशी नव्हती हे पाहण्यासारखे आहे. कार्ल बेन्झची १८८६ ची तीनचाकी गाडी अवघ्या पाऊण अश्वशक्तीची. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून प्फोर्ट्सहाइमला गेली, तेव्हा वाटेत इंधन संपले. ते तिने वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून, डाग काढण्याचे द्रावण म्हणून विकले जाई ते, विकत घेतले. ही गाडी शंभर किलोमीटरला सुमारे दहा लिटर इंधन पीत असे. म्हणजे लिटरला दहा किलोमीटर. ऐकायला वाईट नाही, पण गाडीचे वजन २६५ किलो आणि वेग तासाला सोळा किलोमीटर हे ध्यानात घेतले की त्या दहा किलोमीटरांची किंमत कळते. हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक खपली. तिचे इंजिन २·९ लिटरचे, शक्ती वीस अश्वशक्ती, आणि धाव लिटरला साडेपाच ते नऊ किलोमीटर. तिच्या सिलिंडरमध्ये मिश्रण चौपट-साडेचौपटच दाबले जाई. इंधनातल्या उष्णतेचा पाचवा हिस्साही चाकांकडे जात नसे. पण तक्रार कोण करणार? पेट्रोल हे दिव्याचे घासलेट काढताना उरणारे स्वस्त तेल होते, आणि गिऱ्हाइकाला हवी होती ती घोड्यापासून सुटका.

आजची बाराशे घन सेंटिमीटर इंजिनाची छोटी मोटार मॉडेल टीच्या निम्म्याहून लहान इंजिनातून तिच्या चौपट शक्ती काढते, जवळजवळ दुप्पट वजन वाहते, दुप्पट वेगाने धावते आणि तरी लिटरला वीसच्या आसपास किलोमीटर जाते. पेट्रोल मिश्रण आता दहापटीहून अधिक दाबतात. इंधन थेंबाथेंबाने मोजून सोडण्याचे काम विद्युत् उपकरणे करतात. विजेच्या मोटरची जोड असलेल्या काही पेट्रोल गाड्यांच्या इंजिनांनी चाळीस टक्क्यांचा टप्पा गाठला आहे, आणि जहाजांवरची प्रचंड डिझेल इंजिने पन्नासच्याही पुढे गेली आहेत. नुसते किलोमीटर मोजून जुन्या-नव्या गाड्यांची तुलना करणारे फसतात ते येथेच. इंजिनाने वाचवलेले पुष्कळसे इंधन आपण गाडीचे वजन, वेग आणि थंड हवा यांवर पुन्हा उधळतो. खरा हिशेब टक्क्यांचा, आणि त्या हिशेबाची पहिली मोठी उडी १८९७ ची.

मग डिझेलचे इंजिन तेव्हाच मोटारीत का बसले नाही? साडेचार टनांत उत्तर आले. इंधन सिलिंडरमध्ये फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा पंप लागे, तो कोणत्याही गाडीला पेलणारा नव्हता. १९०८ च्या सुमारास डिझेलने मालमोटारीसाठी लहान इंजिन करून पाहिले, ते जमले नाही. जर्मनीत डिझेलच्या मालमोटारी आल्या त्या १९२३-२४ मध्ये, बॉश कंपनीचा इंधन पंप बाजारात आला १९२७ मध्ये, आणि मर्सिडीझची २६० डी ही डिझेल मोटार १९३६ मध्ये. तिला शंभर किलोमीटरला साडेनऊ लिटर पुरत, तर तशाच पेट्रोल गाडीला तेरा. यांपैकी काहीही पाहायला डिझेल उरला नव्हता.

त्याला मुळात मोटारीचे वेड नव्हतेच. त्याच्या डोळ्यांपुढे आपल्या वडिलांसारखे कारागीर होते. वाफेचे इंजिन मोठेच असले तर परवडते, म्हणून यंत्र भांडवलदाराकडे जाते आणि कारागीर त्याच्या दारात मजूर म्हणून उभा राहतो, असे त्याचे निदान होते. लहान, काटकसरी इंजिन मिळाले तर विणकर, सुतार, लोहार आपापल्या घरी स्वतंत्रपणे जगतील. १९०३ मध्ये त्याने कामगारांच्या सहकारी उद्योगांची योजना मांडणारे पुस्तक लिहिले आणि इंजिनापेक्षाही ते आपले मोठे काम आहे असे तो मानी. पुस्तक कोणी घेतले नाही. इंजिन सर्वांनी घेतले, पण ते मोठमोठ्या कारखान्यांनी, जहाज कंपन्यांनी आणि पाणबुड्या बांधणाऱ्या आरमारांनी. त्याच्या स्वप्नाचा अंश उतरलेला पाहायचा असेल तर आपल्याकडेच पाहावा लागेल. पुण्यात खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि खेडोपाडी विहिरीवरच्या मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली. वीज पोहोचली नव्हती तेथे एकेकट्या शेतकऱ्याच्या मळ्यात ते फटफट करीत पाणी उपसू लागले.

१८९७ नंतर पैशांचा पाऊस पडला. अमेरिकेतील बिअर कारखानदार अडोल्फस बुश याने दहा लाख मार्क देऊन तेथले हक्क घेतले. रशियात नोबेल घराण्याने घेतले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्या शहरातून बारा वर्षांचा असताना हुसकावले गेलो, त्याच शहरात! तेथे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, आणि प्रेक्षकांपैकी बहुतेकांच्या ते ध्यानातही आले नाही. डिझेलने म्युनिचला राजवाड्यासारखे घर बांधले. पण इंधनातला एक-एक टक्का वाचवणाऱ्या या माणसाला पैसा मुळीच सांभाळता आला नाही. जमिनींचे सट्टे अंगलट आले, गॅलिशियातल्या तेलविहिरींत घातलेले भांडवल बुडाले, ऑग्सबुर्गला उभारलेला स्वतंत्र इंजिन कारखाना टिकला नाही. पेटंटांवर वाद झाले. डोकेदुखी आणि निद्रानाश यांनी तो इतका खचला की १८९८ मध्ये त्याला आरोग्यधामात ठेवावे लागले.

बाहेर कीर्ती वाढतच होती. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकला निघाले, आणि कोळसा भरणाऱ्या मजुरांवाचून महासागर ओलांडता येतो हे जगाने पाहिले. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेचा दौरा करून आला. १९१३ मध्ये योहानेस ल्युडर्स या प्राध्यापकाने डिझेलचे श्रेय म्हणजे निव्वळ दंतकथा असे म्हणणारे पुस्तक जर्मनीत काढले. घरी तिजोरी रिकामी होती, आणि याची कल्पना मार्थालाही नव्हती.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्प बंदरात तो ड्रेसडेन नावाच्या आगबोटीवर चढला. इंग्लंडमध्ये इप्सविच येथे नव्या कारखान्याच्या कामाला जायचे होते. बरोबर दोन व्यवसायबंधू होते. तिघांनी जेवण घेतले, डेकवर फेऱ्या मारल्या, आणि दहाच्या सुमारास सकाळी सव्वासहाला उठवण्याची सूचना देऊन डिझेल आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. अंथरूण वापरलेले नव्हते, रात्रीचा पोशाख काढून ठेवलेला होता, घड्याळ बिछान्यावरून दिसेल असे लावलेले होते. मागच्या डेकवर कठड्याजवळ त्याची टोपी आणि घडी घातलेला कोट सापडला.

कोणी म्हणाले तेलाच्या व्यापाऱ्यांनी मारले, कोणी म्हणाले पाणबुडीचे रहस्य इंग्रजांना मिळू नये म्हणून जर्मन हेरांनी. वर्तमानपत्रांना असे तर्क आवडतात. पण त्याच्या रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेपुढे फुलीची खूण होती. निघण्यापूर्वी त्याने मार्थाच्या हाती एक बॅग दिली होती आणि ती पुढच्या आठवड्यातच उघडायला सांगितली होती. तीत वीस हजार मार्क रोख आणि बँकांची खाती कोरडी पडल्याचे दाखवणारे कागद निघाले. आत्महत्येखेरीज दुसरा निष्कर्ष काढणे मला तरी कठीण वाटते.

दहा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात प्रेत तरंगताना दिसले. समुद्र खवळलेला होता. त्यांनी खिशातल्या वस्तू तेवढ्या काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. गोळ्यांची डबी, खिशातला चाकू, चष्म्याचे घर या वस्तू वडिलांच्या आहेत, हे धाकट्या मुलाने, ऑयगेनने ओळखले.